कपाखालचा आकडा

नोव्हेंबर सरत आला की इथे स्वीडनमध्ये, उप्सालात, दुपार अशी उरतच नाही. जेवण उरकून भांडी विसळेपर्यंत बाहेर तिन्हीसांज होते आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्याखिडक्यांत कागदी चांदण्या लागतात. अशाच एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला कॉफीला बोलावलं. त्या ७८ वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. स्वीडिश भाषेत लहानथोर सगळ्यांना एकच ‘दू’. पण इतकी वर्षं झाली तरी माझ्या मनात त्या अहो-जाहोतच आहेत. नातीने त्यांना वाढदिवसाला एक डबी दिली होती. नळीत थुंकायचं, पाकिटात घालून पाठवायचं, आणि काही आठवड्यांनी आपले पूर्वज कुठकुठले ते कळवतात. निकाल आला होता, नातीने तो छापून दिला होता. ‘अक्षर फार बारीक आहे, तूच वाच,’ म्हणत त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. रंगीत वर्तुळ होतं. त्यात एक मोठा निळा भाग स्वीडन-नॉर्वेचा, त्याच्या कडेला फिनलंडचा हिरवा, आणि शेवटी लिंबाच्या फोडीएवढी एक पिवळी फाक. त्यापुढे लिहिलं होतं, सामी, ११ टक्के. सामी म्हणजे स्वीडन-नॉर्वे-फिनलंडच्या पार उत्तरेकडचे, स्वतःची वेगळी भाषा असलेले मूळ रहिवासी. मी तो आकडा मोठ्याने वाचला. आजींनी मान हलवली, हातातला कप उचलला आणि नेमका त्या आकड्यावर ठेवला. वाऱ्याने उडणाऱ्या कागदावर आपण काहीतरी वजन ठेवतो ना, अगदी तसा.

खिडक्या सगळ्या बंद होत्या.

मग त्यांनी केकची बशी पुढे केली आणि आम्ही जिन्यातल्या दिव्याबद्दल बोलत राहिलो. निघताना दारात मात्र त्या म्हणाल्या, ‘आई कधी काही बोलली नाही.’ थोड्या वेळाने, ‘तुमच्याकडे असं काही झाकावं लागत नसेल, नाही?’ मी नुसती हसले. घरी येऊन भात लावला, मुलाचा अभ्यास घेतला, पण तो कप काही डोळ्यांसमोरून हलेना. मला ती कृती ओळखीची होती, आणि कुठून ओळखीची आहे ते आठवायला मी जरा कचरत होते.

गुहागरला आमच्या जुन्या घरी माजघरात फोटोंची रांग होती. आजोबा, पणजोबा पगडीत, त्यांचे भाऊ. कोकणस्थांच्या घरात असतो तसा घाऱ्या डोळ्यांचा अभिमान आमच्याही घरात होता, आणि तो रोजच्या बोलण्यात मिठासारखा विरघळलेला असे. माझी ताई गोरीपान, डोळे असे की उन्हात पाहिले तर तळ्याच्या पाण्यासारखे हिरवट. पाहुणे आले की आजी तिला पुढे करी, ‘ही आजोबांवर गेलीय.’ मग माझ्या सावळ्या हाताकडे बघून म्हणे, ‘ही आजोळावर गेलीय.’ त्यात राग नसे. साय-हळद मात्र दर रविवारी मलाच लावत. पडवीत बसून ती वाळायची वाट बघताना गालाची कातडी ताणल्यासारखी व्हायची, आणि सायीचा तो किंचित आंबूस वास अजून कुठे आला तरी मी पुन्हा आठ वर्षांची होते. आजी सांगायची, आपले मूळ पुरुष थंड मुलखातले, पार उत्तरेकडचे. घरात टिळकांच्या १९०३ सालच्या त्या सिद्धान्ताचा असाच कानोकानी आलेला अंश होता, वेदांतल्या लांबच लांब उषा म्हणजे ध्रुवाजवळची पहाट, म्हणून आर्यांचं घर आर्क्टिकमध्ये. टिळकांनी त्यामागे केवढा अभ्यास केला होता, आमच्या घरात त्याचे फक्त डोळे आणि कातडी उरली. त्या अभिमानात दुसऱ्या कुणाला तरी एक पायरी खाली उभं करणं होतंच, हे लहानपणी कळायचं नाही. खालच्या पायरीवर आपणही आहोत एवढं मात्र कळायचं.

आणि मग लग्न होऊन मी खरोखरच उत्तरेला आले.

इथल्या पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात गेले होते. तिथे काचेमागे एक बाई आहे. बॅकास्कूग नावाच्या गावात १९३९ साली दक्षिण स्वीडनमध्ये सापडली, वय सुमारे ९,००० वर्षं. अरुंद खड्ड्यात गुडघे छातीशी घेऊन बसवलेली. जवळ शिकारीचं हाडाचं हत्यार होतं, त्यामुळे सापडली तेव्हा लोकांनी तिला पुरुषच ठरवून टाकलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी सांगाडा पुन्हा तपासला तेव्हा ती बाई निघाली, तीही लेकुरवाळी. मी तिच्यासमोर बराच वेळ बसले. दात झिजलेले, हाडांना चहाच्या चोथ्यासारखा रंग. बाहेर बर्फ पडत होतं आणि शाळेची मुलं तिच्या काचेवर नाकं टेकवून वाफ काढत होती.

तिच्या काळचे लोक कसे दिसत असतील हे आता बरंच कळलंय. हिमयुगाचा बर्फ मागे हटला तसे या भूमीत दोन वाटांनी लोक आले, असं उप्सालाच्याच संशोधकांनी २०१८ मध्ये जुन्या हाडांतल्या जनुकांवरून दाखवलं. काही दक्षिणेकडून, आजच्या डेन्मार्कच्या बाजूने वर चढले. काही ईशान्येकडून, नॉर्वेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरले. इथे त्यांची गाठ पडली, लेकरं झाली. दक्षिणेकडून आलेल्यांची कातडी काळीसावळी आणि डोळे निळे असावेत, असं त्यांची जनुकं सांगतात. हे वाचलं तेव्हा मी पुन्हा मागे जाऊन तीच ओळ वाचली. मग २०१९ मध्ये डेन्मार्कच्या लोलन बेटावरचा तो चघळलेला डिंक. बर्चच्या सालीपासून काढलेला काळा राळेसारखा गोळा, दगडी टोकं चिकटवण्यापूर्वी तो चावून मऊ करीत. ५,७०० वर्षांपूर्वी कुणीतरी चावून टाकला, त्यात दातांचे ठसे राहिले आणि लाळही. त्या लाळेतून एका मुलीचं किंवा बाईचं संपूर्ण जनुकसाहित्य वाचता आलं. संशोधकांनी तिला लोला म्हटलं. तिने थोड्या वेळापूर्वी बदक आणि हेझलनट खाल्लं होतं, दूध तिला पचलं नसतं. केस गडद, कातडी गडद, डोळे निळे. हाड नाही, दात नाही, थडगं नाही, नुसता थुंकलेला डिंक. आणि त्यातून ही एवढी जिवंत होऊन उभी राहते.

माझा सावळा गाल आणि ताईचे डोळे, एकाच चेहऱ्यावर.

त्या रात्री मी हे ताईला फोनवर सांगितलं तर ती नुसतं ‘अगं बाई’ म्हणाली आणि गप्प झाली. तिलाही त्या डोळ्यांचं ओझं झालं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

लोलाच्या आधीच, सुमारे ६,००० वर्षांपूर्वी, शेती करणारे इथवर पोचले होते. त्यांची मुळं मागे मागे नेली तर आजच्या तुर्कस्तानात जातात. पश्चिम स्वीडनमधल्या योखेमला दगडी कबरीत पुरलेल्या ५,००० वर्षांपूर्वीच्या एका शेतकरी बाईचं जनुकसाहित्य २०१२ साली वाचलं, तर आजच्या युरोपात तिचे जवळचे नातलग भूमध्य समुद्राकडे निघाले. त्याच सुमाराला गोटलँड बेटावर सील मारून जगणारे शिकारी अजून नांदत होते. एकाच आभाळाखाली, काहीशे किलोमीटरच्या आत, दोन वेगळ्या जगांतली माणसं. मग पूर्वेकडच्या गवताळ माळांवरची गुरं राखणाऱ्या लोकांची संतती आली, दगडी कुऱ्हाडी घेऊन. डेन्मार्कची १०० जुनी माणसं तपासून २०२४ मध्ये जो निष्कर्ष निघाला तो वाचून मला अंगावर काटा आला. दोनदा, एकदा सुमारे ५,९०० वर्षांपूर्वी आणि एकदा सुमारे ४,८५० वर्षांपूर्वी, तिथली माणसं जवळपास बदलूनच गेली. काही पिढ्यांतच. योखेमच्या बाजूच्या त्या दगडी कबरींतल्या कितीतरी हाडांत प्लेगचे जंतू सापडलेत. पुण्यात ज्यांच्या घरात प्लेगच्या आठवणी सांगितल्या गेल्या आहेत त्यांना ओस पडलेल्या वाड्यांचं चित्र रंगवून दाखवायला नको.

म्हणजे नकाशावर ज्याला ‘नॉर्डिक’ म्हणून एका निळ्या रंगात रंगवतात, तो निळा असा घुसळून घुसळून झालेला आहे. गोऱ्या कातडीशी जोडलेलं एक जनुकी अक्षर आज स्वीडनमध्ये जवळपास प्रत्येकात आहे, आणि तेच अक्षर, एकाच मुळातून फुटलेलं, भारतातल्या कोट्यवधी माणसांतही आहे. मोठेपणीही दूध पचवू देणारा इथल्या लोकांतला बदल आणि आपल्याकडे बऱ्याच जणांत आढळणारा बदल, हाही एकच. गवताळ माळावरून एक धार पश्चिमेला आली, आणि त्याच माळांकडची दुसरी, नंतरची धार वळसे घेत आपल्या उपखंडात उतरली. आजीचं ‘उत्तरेकडचे’ अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं असं कुणी म्हणेल. पण त्या धारेचं मूळ ध्रुवावर नव्हतं, ती ज्यांच्यात मिसळली ते आधीपासून तिथल्या, आपल्या उपखंडाच्या मातीत रुजलेले होते, आणि ती कोकणात पोचेपर्यंत तिच्यात किती नद्यांचं पाणी मिसळलं असेल. त्या पाण्यातला एकच पेला उचलून आम्ही देवघरात ठेवला होता.

स्वीडिश शिकायच्या वर्गात उंदराला ‘मूस’ म्हणतात हे कळलं तेव्हा मला गणपतीचा मूषक आठवला. नाव म्हणजे ‘नाम्न’, नवं म्हणजे ‘नी’. एका कुटुंबातल्या भाषा, त्यामुळे ओळख लागणारच. फिनिश आणि सामी भाषा मात्र वेगळ्या घराण्यातल्या. तरीही फिनिशमध्ये शंभरला ‘साता’ म्हणतात, आणि तो शब्द हजारो वर्षांपूर्वी भारत-इराणी बोलणाऱ्या लोकांकडून तिकडे गेलेला आहे, आपल्या ‘शत’चाच भाऊ. हातोडा म्हणजे ‘वासारा’, आपला वज्र. कुठल्याशा माळावर, नदीकाठच्या बाजारात कुणीतरी कातडी मोजली असतील, शंभर झाली म्हणाला असेल, आणि ऐकणाऱ्याने तो शब्द घरी नेला. रक्ताचं नातं असलं-नसलं तरी शब्द राहिला. आजींच्या आईच्या सामी भाषेतही शंभराचा शब्द त्याच जुन्या उसनवारीतला. पण तो आजींनी कधी ऐकलाच नाही.

त्या कपाकडे परत येते. आजींना आकडा झाकावासा का वाटला, हे कळायला उप्सालात फार लांब जावं लागत नाही. इथल्या कॅथिड्रलशेजारी, जिथे मी मुलाला घेऊन नाताळचं गाणं ऐकायला जाते तिथेच, १९२२ साली सरकारी वंशशास्त्र संस्था सुरू झाली. हेर्मान लुंडबोर्ग तिचे प्रमुख. डोक्याची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, हे गणित तर त्याच्याही आधी स्टॉकहोमच्या अँडर्स रेट्झियसने १८४० च्या दशकात मांडलं होतं. लांब डोक्यांचे ते उत्तम, रुंद डोक्यांचे ते हलके, अशी उतरंड त्यावर रचली गेली. लुंडबोर्ग आणि त्यांची माणसं उत्तरेकडे सामी वस्त्यांवर जात, कंपास लावून डोकी मोजत, समोरून आणि बाजूने फोटो काढत. कपडे उतरवूनही काढत. त्यात म्हातारी माणसं होती, लहान मुलंही होती. ते आल्बम आज विद्यापीठाच्या लायब्ररीत, कारोलिना रेदिव्हिव्हात, जपून ठेवलेले आहेत. ही फक्त चार माणसांची खोड नव्हती, देशाच्या हवेतच ती होती. १९३५ ते १९७५ या काळात स्वीडनमध्ये सुमारे ६३,००० जणांची नसबंदी झाली, त्यात बहुतेक बायका.

हे वाचताना मला राहून राहून इरावती कर्वे आठवत. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, वंशांची उतरंड मानणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत. पुण्याहून आलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, हातात कवटी आणि मोजपट्टी. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा काही मेळ लागतो का, हे त्यांनी तपासायचं होतं. मेळ लागला असता तर फिशरना हवंच होतं. इरावतीबाईंनी मोजलं, आणि लागत नाही असं लिहिलं. पुढे त्यांनीही महाराष्ट्रात गावोगाव फिरून माणसांची मापं घेतली. मोजण्यावरचा त्या काळाचा विश्वास त्यांच्यातही होता. तरी त्या दिवशी, त्या माणसापुढे, जे दिसलं तेच लिहिलं. माझ्या मनात त्यांच्याविषयीचा आदर त्या एका नकाराशी येऊन थांबतो.

आजींची आई उत्तर स्वीडनमधल्या लिकसेलेच्या बाजूची. १९४० च्या दशकात घरकामाला म्हणून उप्सालात आली आणि इथलीच झाली. कॉफीच्या दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत आजींनी मला हे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. आई कमी बोलायची. कुणी गावाकडचं भेटलं तर रस्ता ओलांडून पलीकडे जायची. तिच्याकडे शिंगाच्या मुठीची एक छोटी सुरी होती, ती तिने कुणाला वापरू दिली नाही. आणि ती कॉफीत चीजचे तुकडे टाकायची. ‘पण तसं तर उत्तरेला सगळेच करतात,’ आजी घाईने म्हणाल्या. खरंच आहे ते. ‘काफेऊस्त’ तिकडे घरोघरी असतं, त्यावरून कुणी कोण ते ठरत नाही. त्या काळी सरकारचा हिशेब सरळ होता. रेनडिअर पाळणारे तेवढे सामी, त्यांच्या मुलांना १९१३ पासून वेगळ्या भटक्या शाळा. बाकीच्यांनी स्वीडिश व्हावं आणि विसरावं. पुष्कळांनी विसरण्याचा प्रयत्न इतका मनापासून केला की मुलांपर्यंत एक शब्दही पोचला नाही.

मी त्यांना विचारलं, मग आता तुम्ही सामी म्हणवणार का? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ‘मला कोण म्हणेल?’

प्रश्न बरोबर होता. सामी संसदेच्या मतदार यादीत नाव घालायचं तर जनुकाचा कागद चालत नाही. आपण स्वतःला सामी मानतो असं म्हणावं लागतं, आणि आपल्या, आईबापांच्या किंवा आजीआजोबांच्या घरात ती भाषा बोलली जात होती हे सांगावं लागतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. कारण जनुकांना पकडून ‘आधी कोण आलं’ असा वाद घालणारे इथेही आहेत. रशियाच्या वायव्य टोकाला, कोला द्वीपकल्पाजवळच्या बोल्शोय ओलेनी बेटावर ३,५०० वर्षांपूर्वीची माणसं सापडली, त्यांच्यात सैबेरियाकडून आलेला अंश आहे. तोच अंश आजच्या सामींमध्ये जास्त, फिन लोकांत जरा कमी. मग लगेच कुणीतरी म्हणतं, बघा, हेही बाहेरूनच आले. अहो, बर्फाखालच्या भूमीत बाहेरून आलं नाही असं कोण आहे? ज्यांनी त्या डोंगरांना, ओढ्यांना, बर्फाच्या प्रत्येक जातीला नावं दिली, ज्यांची मुलं शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून गप्प केली गेली, त्यांचा हक्क थुंकीच्या नळीत तोलायचा नसतो. पण याच न्यायाने आजींच्या हातात काही उरत नाही, हेही मला दिसतं. भाषा आईच्या तोंडातच मिटली. उरले ते ११ टक्के. त्यांना कवटाळताही येत नाही आणि टाकवतही नाहीत.

आइसलँडची गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली. तिथे नवव्या शतकाच्या अखेरीला वस्ती करणारे पुरुष बहुतेक नॉर्वेकडचे होते, पण आयांची धार मागे नेली तर निम्म्याहून जास्त आया आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या निघतात. त्यांतल्या कित्येकजणी गुलाम म्हणून बोटीत चढवलेल्या. पुढच्या शतकांत बापांच्या वंशावळी गायल्या गेल्या, लिहिल्या गेल्या, आणि आया रक्तात राहिल्या. आणि हान्स योनातान. कॅरिबियन समुद्रातल्या डॅनिश वसाहतीत, सेंट क्रॉय बेटावर १७८४ मध्ये गुलाम आईच्या पोटी जन्मला, कोपनहेगनला आणला गेला, तिथल्या कोर्टाने तो मालकिणीचाच ठरवल्यावर १८०२ मध्ये पळून आइसलँडच्या ड्युपिव्होगुरला पोचला. दुकान सांभाळलं, लग्न केलं, १८२७ मध्ये गेला. त्याचं थडगं, हाड, केस, काही हाती नव्हतं. तरी २०१८ मध्ये त्याच्या १८२ वंशजांची जनुकं ताडून संशोधकांनी त्याला आईकडून मिळालेल्या वारशाचा ३८ टक्के भाग पुन्हा जुळवला, आणि तिची मुळं पश्चिम आफ्रिकेत बेनिन-नायजेरिया-कॅमेरूनच्या पट्ट्यात निघाली. दोनशे वर्षांनी. गोऱ्या गालांच्या मासेमारांमध्ये, मेंढपाळांमध्ये तुकड्यातुकड्यांनी ती आई विखरून राहिली होती.

आजी म्हणाल्या, ‘तिचं नाव माहीत आहे?’

‘एमिलिया रेगिना,’ मी म्हटलं. त्यांनी ते नाव हळू आवाजात दोनदा म्हणून पाहिलं.

फेब्रुवारीत ताईचा फोन आला. आत्या आजारी होती, ताई तिच्याजवळ आठवडाभर राहून आली होती. रात्री झोप येत नसली की आत्या जुनं जुनं बोलायची. बोलता बोलता माझा विषय निघाला आणि आत्या म्हणाली, ‘ती कुठली आजोळावर? ती माझ्या आजीवर गेलीय, थेट.’ आत्याची आजी, म्हणजे आमच्या आजोबांची आई. आमच्याच घरातली, माजघरातल्या फोटोंच्या रांगेतली, असायला हवी होती ती. काळीसावळी, उंच, हाताला फार चांगली चव. फोटोवाला दापोलीहून आला होता तेव्हा तिला परसात तांदूळ पाखडायला पाठवलं होतं. कुणी रागावून नव्हे. सहज.

मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते. पलीकडे ताई रडत होती की काय कळेना. मला मात्र रडू आलं नाही. मला तो सुपाचा आवाज ऐकू येत होता, एकसारखा, परसातला, आणि आत ओटीवर पगड्या सारख्या करून बसलेली माणसं. ‘तिचं नाव काय होतं गं?’ मी विचारलं. आत्याला सासरचं नाव तेवढं ठाऊक होतं, लक्ष्मी. ते तर आमच्याकडे दर दोन पिढ्यांनी एका सुनेला मिळतंच.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन आजींना सांगितलं. ‘तुम्ही विचारलं होतं ना, तुमच्याकडे झाकावं लागत नसेल म्हणून.’ स्वीडिशमध्ये परस आणि पाखडणं समजावता समजावता माझी भाषा अडखळत होती. मी टेबलावर हाताने सूप झटकून दाखवलं. त्यांनी माझा तो हात धरून ठेवला, तसाच, हवेत.

मे महिन्यात बर्चला पानं फुटली त्या आठवड्यात आजी म्हणाल्या, कारोलिनाकडे चढून जाऊ या का. त्या कधीपासून मनात धरून होत्या. लिकसेलेच्या गामप्लात्सन या जुन्या दफनभूमीवरून उकरून नेलेल्या २५ कवट्या ९ ऑगस्ट २०१९ रोजी स्टॉकहोमच्या संग्रहालयातून परत नेऊन तिथेच पुरल्या, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हा परकं म्हणून पाहिलं होतं. आता त्यांच्या डोक्यात एकच विचार होता, त्या आल्बममध्ये आजी असेल. आईची आई. असली तर कशी असेल, कपड्यांत असेल की नसेल.

टेकडीचा चढ आम्ही तीनदा थांबत चढलो. लायब्ररीच्या दारातून मुलं आतबाहेर करत होती, कुणाच्या खांद्यावर कोट, कुणाच्या हातात केळं. आजी पायऱ्यांपर्यंत आल्या. कठड्याला हात लावला. बराच वेळ दाराकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘आज नको.’

मी काही बोलले नाही. आम्ही उन्हातल्या बाकावर बसलो. त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, दोन कप काढले, रुमालात गुंडाळलेलं चीज काढलं, भाजलेल्या पनीरसारखं, वरून तपकिरी डाग पडलेलं. मग ती शिंगाच्या मुठीची सुरी. पातं घासून घासून बोटाएवढं बारीक झालेलं होतं. त्यांनी चौकोनी तुकडे केले, दोन्ही कपांत टाकले आणि वरून कॉफी ओतली. ‘थांब जरा,’ म्हणाल्या, ‘मुरू दे.’ कागद पर्समध्ये होता, घडी करून, कपाच्या बुडाचं तपकिरी वर्तुळ वर आलेलं. थोड्या वेळाने मी चमच्याने एक तुकडा काढून तोंडात घातला. चावताना दातांखाली कुईं असा बारीक आवाज झाला.

‘वाजलं?’ आजींनी विचारलं.

‘वाजलं.’

‘आई म्हणायची, वाजलं की समजायचं ताजं आहे.’ आणि सुरी पुसून माझ्या हातात दिली, पुढचे तुकडे मी करावेत म्हणून.